‘ओन्ली’चा गुन्हा काय?

इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवणाऱ्यांकडे ‘भारतीयांनी टाळायच्या चुका’ अशी एक यादी हमखास असते. पूर्वी ती पुस्तिकेत छापलेली असे. आता अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींतून मोबाईलवर फिरते. ‘गुड नेम’, ‘कझिन ब्रदर’, ‘प्रीपोन’ ही त्या यादीतली नेहमीची गिऱ्हाइके. पण सगळ्यात जास्त हशा मिळतो तो ‘ओन्ली’ला. ‘ही लिव्ह्ज इन पुणे ओन्ली.’ ‘आय मेट हर यस्टरडे ओन्ली.’ मास्तर नक्कल करून दाखवतात, वर्ग हसतो, हसणाऱ्यांतले निम्मे आपलीच कालची वाक्ये आठवून ओशाळतात. मग निकाल सुनावला जातो: हा ओन्ली निरर्थक आहे, तो चुकीच्या जागी बसला आहे आणि मातृभाषेतून घुसला आहे, पुसून टाका.

या निकालाची तीन कलमे आहेत. त्यातली पहिली दोन खोटी आहेत. तिसरे खरे आहे, पण तो गुन्हा ठरत नाही. भारतीय इंग्रजीतला ओन्ली आपल्या ‘च’चे काम करतो आणि ते नियमाने करतो. तो कुठे टाळावा यालाही सबळ कारणे आहेत, पण ती मास्तरांच्या यादीत सापडत नाहीत.

पहिले कलम, निरर्थकपणाचे. ‘ही लिव्ह्ज इन पुणे’ म्हटले काय आणि पुढे ओन्ली लावला काय, माहिती तीच. मग शब्द वाया का घालवायचा, असा सवाल असतो. माहिती तीच आहे हे कबूल. पण माणसे एकमेकांना नुसती माहिती पुरवत नाहीत. समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घेऊन ती बोलतात. ‘तो पुण्यात राहतो’ हे उत्तर ‘तो कुठे राहतो?’ या प्रश्नाला. ‘तो पुण्यातच राहतो’ हे उत्तर ‘तो बंगळूरला गेला ना?’ या शंकेला. पहिले वाक्य कोरी जागा भरते, दुसरे समोरच्याचा समज दुरुस्त करते. दोन्हींत गाव एकच असले तरी बोलण्याचा हेतू वेगळा आहे, आणि तो हेतू ‘च’ वाहतो. इंग्रजी वाक्याच्या शेवटचा ओन्ली हेच ओझे उचलून उभा असतो.

‘च’ किती काटेकोर आहे हे पाहायला एक साधे वाक्य पुरते. ‘मी काल नीताला मंडईत पाहिलं.’ मीच पाहिलं, म्हणजे ऐकीव गोष्ट नाही. कालच पाहिलं, म्हणजे फार दिवस झाले नाहीत, किंवा तुम्ही म्हणता तो परवाचा दिवस नव्हे. नीतालाच पाहिलं, तिच्या बहिणीला नव्हे. मंडईतच पाहिलं, मॉलमध्ये नाही. आणि पाहिलंच, म्हणजे आता वाद बंद. एक अक्षर सरकले की वाक्याचे वजन दुसरीकडे जाते. शाळेच्या व्याकरणात च, ही, सुद्धा, देखील यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणून शिकवतात. कारण समोर, मागे, साठी यांच्यासारखी ती नामाला वाकवत नाहीत. ‘घरासमोर’ म्हणताना ‘घर’चे ‘घरा’ होते, ‘घरच’ म्हणताना घर जागचे हलत नाही. शब्दाचे रूप न बिघडवता त्यावर बोट ठेवायचे, एवढेच ‘च’चे काम. पण ते काढून घेतले तर मराठी माणसाला भांडताही येणार नाही आणि आग्रहही करता येणार नाही.

आता मास्तर म्हणतील, हेच तर आमचे म्हणणे आहे. तुम्ही मराठीचे शब्दशः भाषांतर करता. थांबा. शब्दशः भाषांतर असते तर प्रत्येक ‘च’चा ओन्ली झाला असता. तसे होते का? ‘फारच छान’ याचे ‘व्हेरी ओन्ली नाइस’ केलेले कोणी ऐकले आहे? ‘बरेच लोक’, ‘लगेच’, ‘उगीच’ यांतल्या ‘च’च्या वाट्याला ओन्ली कधीच येत नाही. ‘आलोच’ म्हणायचे असेल तर अगदी कच्चे इंग्रजी बोलणाराही ‘केम ओन्ली’ म्हणत नाही. ‘जस्ट कमिंग’ म्हणतो. उलट ‘तो आलाच नाही’ याचे ‘ही डिड नॉट कम ओन्ली’ सर्रास ऐकू येते, कारण तिथला ‘च’ खरोखर जोर देणारा आहे. म्हणजे बोलणारा निवड करतो. जो ‘च’ शब्दात मुरून गेला आहे तो सोडतो, आणि जो जिवंत आहे, ज्याच्यावर बोलण्याचा भर आहे, तेवढाच उचलतो. ही निवड त्याला कोणी शिकवलेली नसते, पण ती चुकत नाही. जिथे न शिकवता, न ठरवता लाखो माणसे सारख्याच जागी सारखाच भेद करतात, तिथे नियम असतो. भाषाशास्त्रात व्याकरण म्हणतात ते यालाच.

अभ्यासकांनीही हे केव्हाच नोंदवले आहे. इलिनॉय विद्यापीठातले राकेश भट्ट यांनी आणि ‘इंग्लिश वर्ल्ड-वाइड’ या नियतकालिकात २००७ साली क्लाउडिया लांगे यांनी भारतीय इंग्रजीतल्या या ओन्लीचा विचार केला तो वाक्यातल्या महत्त्वाच्या भागाकडे लक्ष वेधणारे चिन्ह म्हणून. ‘फक्त’ या अर्थाच्या ओन्लीहून त्याचे काम निराळे आहे. वर्गातले मास्तर मात्र त्याला ‘फक्त’च्याच तराजूत घालतात आणि माप भरले नाही म्हणून खोटा ठरवतात.

दुसरे कलम जागेचे. ओन्ली म्हणे वाक्याच्या शेवटी येत नाही. हे सांगणाऱ्यांनी रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्यात. ‘स्टाफ ओन्ली’, ‘कॅश ओन्ली’, ‘लेडीज ओन्ली’, ‘एक्झिट ओन्ली’. या पाट्या आपण लावायला शिकलो ते इंग्रजांकडूनच. इयन फ्लेमिंगने १९६० साली जेम्स बाँडच्या कथांचा संग्रह काढला त्याचे नाव ‘फॉर युवर आइज ओन्ली’. त्यातला ओन्ली शेवटी बसला म्हणून फ्लेमिंगचे इंग्रजी कोणी तपासायला घेतले नाही. आणि धनादेश? ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’ लिहिल्याशिवाय आपल्या हाताला चैन पडत नाही. मराठी पावतीवरही ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’ किंवा ‘मात्र’ असते. तिथे रक्कम थोडी आहे असे कोणाला सुचवायचे नसते. आकडा इथे संपला, पुढे कोणी एक शब्द वाढवू नये, म्हणून घातलेले ते कुलूप आहे. शेवटी बसणारा आणि ‘थोडेसे, नुसते’ असा अर्थ नसलेला ओन्ली इंग्रजीच्या घरातच रोज नांदतो आहे.

खरी गंमत मात्र पुढे आहे. ओन्लीची जागा हा खुद्द इंग्रजांच्या घरातला अडीचशे वर्षांचा तंटा आहे. रॉबर्ट लोथने १७६२ साली इंग्रजीचे छोटेखानी व्याकरण छापले. पुढे हा गृहस्थ लंडनचा बिशप झाला आणि त्याचे व्याकरण पिढ्यान्पिढ्या शाळांतून प्रमाण मानले गेले. क्रियाविशेषण ज्या शब्दाशी संबंधित, त्याच्याजवळ ते असावे, हा त्याचा दंडक. या दंडकाचा आधार घेऊन नंतरच्या शिस्तप्रिय मंडळींनी ओन्लीच्या मागे ससेमिरा लावला. कारण सामान्य इंग्रज माणूस ओन्ली क्रियापदाच्या आधी टाकून मोकळा होतो. ‘आय ओन्ली मेट हर यस्टरडे.’ याचा अर्थ काय? तिला मी कालच भेटलो? कालच्या दिवसात फक्त तिलाच भेटलो? की नुसता भेटलो, बोललो काहीच नाही? कागदावर तिन्ही अर्थ शक्य आहेत. कोणता खरा, हे बोलणाऱ्याचा आवाज कुठे चढतो त्यावरून कळते.

१९२६ साली हेन्री फाउलरने इंग्रजी वापराचा आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा त्याने या शिस्तप्रियांनाच फटकारले. फाउलर स्वतः काही सैल माणूस नव्हता. इंग्रजीच्या हवालदारांत त्याचे नाव वरचे आहे. पण अमका आठवडाभरापूर्वीच वारला हे सांगताना ओन्ली क्रियापदाआधी आला तर बिघडले काय, असा त्याचा सूर होता. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो आहे, मग भाषेला यंत्र करायला का निघालात, हा त्याचा मुद्दा. आज बहुतेक इंग्रज संपादक फाउलरच्या बाजूने झुकतात.

आता आपला बिचारा ओन्ली या तंट्यात कोणत्या बाजूला पडतो ते पाहा. ‘आय मेट हर यस्टरडे ओन्ली.’ जोर कशावर? यस्टरडेवर. ओन्ली कुठे आहे? यस्टरडेला खेटून. ‘ही टोल्ड मी ओन्ली’, जोर ‘मी’वर, ओन्ली ‘मी’ला खेटून. तीन अर्थांचा घोळ इथे उरत नाही. ज्या शब्दावर भर, त्याच्याच पाठीला ओन्ली चिकटलेला. म्हणजे बिशप लोथचा दंडक लंडनकरांना अडीचशे वर्षांत पाळता आला नाही, तो आपला भाजीवाला, रिक्षावाला, कारकून आणि इंजिनिअर न चुकता पाळतो आहे. जागेच्या कलमाखाली कोणाला उभे करायचेच असेल तर आरोपी बदलावा लागेल.

मग उरतो अर्थ. इंग्रजीत ओन्ली म्हणजे ‘फक्त’, ‘च’ नव्हे, असे सांगितले जाते. हेही अर्धसत्य. ओन्ली हा मुळात ‘वन’ला ‘-ली’ जोडून झालेला जुना शब्द. म्हणजे एकटा, एकमेव. ‘ओन्ली चाइल्ड’मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. तिथून निघून हा शब्द कुठे कुठे भटकला! ‘आय ॲम ओन्ली टू ग्लॅड’ म्हणणारा थोडासा आनंदी नसतो, त्याला फारच आनंद झालेला असतो; ओन्लीने आपला अर्थ चक्क उलटा केला. ‘इफ ओन्ली आय हॅड नोन’ यात मोजण्यासारखे काहीच नाही, तिथे आहे ती हळहळ: आधी कळलं असतं तर! ‘ओन्ली यस्टरडे’ म्हणजे तर उघड उघड ‘कालच’. म्हणजे इंग्रजांनी तोच शब्द अत्यानंदाला वापरला, हळहळीला वापरला, ताजेपणाला वापरला, ते सारे वाक्प्रचार. आपण तो ठामपणाला वापरला, ती चूक. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि पर्याय काय सुचवतात? इंग्रजीत असा भर द्यायला दोन रस्ते आहेत. एक आवाजाचा: ‘पुणे’ हा शब्द उंच करून म्हणायचा. पण आपल्या भाषांची लय निराळी, आपले इंग्रजीही त्याच लयीत चालते. एका शब्दावर आवाजाचा डोंगर उभा करून बाकीचे शब्द गिळायची आपल्याला सवय नाही. शिवाय कागदावर आवाज चढत नाही, तिथे तिरपी अक्षरे वापरावी लागतात. दुसरा रस्ता वाक्य मोडून नव्याने बांधण्याचा: ‘इट इज इन पुणे दॅट ही लिव्ह्ज.’ एका अक्षराच्या कामासाठी सगळे वाक्य उलथेपालथे. आपल्या माणसाने तिसरा रस्ता काढला. इंग्रजीच्याच कोठारातला एक शब्द उचलला आणि नेमक्या जागी ठेवला. ‘वुइ आर लाइक दॅट ओन्ली’ हे रमा बिजापूरकर यांच्या २००७च्या पुस्तकाचे नाव. विषय भारतीय ग्राहक. त्यातला ओन्ली काढून पाहा. ‘आम्ही तसे आहोत’ उरते, आणि ‘आम्ही आहोतच तसे, काय म्हणणं आहे?’ हा सगळा ताठा निघून जातो. शुद्धलेखनाने ते शीर्षक दुरुस्त होत नाही, मरते.

आता तिसरे कलम, मातृभाषेचे. ओन्ली ‘च’मधून आला हे खरे, पण एकट्या ‘च’मधून नाही. हिंदीत ‘ही’ आहे, गुजरातीत ‘ज’ आहे, तमिळ, तेलुगू आणि कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटी लागणारा ‘ए’ आहे. ज्या शब्दावर भर त्याच्या मागून एक छोटेसे अव्यय लावायचे, ही युक्ती उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दोन वेगळ्या भाषाकुळांत सारखी आहे. म्हणून चेन्नईचा माणूस आणि नागपूरचा माणूस ओन्ली एकाच ठिकाणी लावतात आणि एकमेकांना बरोबर समजतात. यात मराठी माध्यमाच्या शाळेचा दोष शोधणाऱ्यांनी इंग्रजी माध्यमातल्या मुलांची मधल्या सुट्टीतली बडबड ऐकावी. ओन्ली तिथेही तितकाच ठणठणीत आहे.

कॉल सेंटरच्या प्रशिक्षणात मात्र यासाठी रोगासारखे नाव आहे: ‘एमटीआय’, म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स. उमेदवाराच्या मूल्यमापनात तो दोष म्हणून नोंदवतात आणि ‘कमी करा’ असा शेरा मारतात. मातृभाषेचा प्रभाव! जगातली कोणती भाषा दुसऱ्या भाषेच्या प्रभावाशिवाय वाढली? आपल्याच ‘च’चा प्रवास पाहा. दख्खनी बोलीत तो ‘इच’ होऊन गेला, हैदराबादेत स्थिरावला, मुंबईच्या हिंदीत ‘इधरिच’, ‘अभीच’, ‘अपुनिच’ होऊन बसला. त्या ‘इच’वर हिंदी चित्रपटांनी टाळ्या वसूल केल्या. तो ‘इच’ हिंदीत गेला तर रंगत, आणि तोच ओन्लीच्या रूपाने इंग्रजीत गेला तर रोग?

इंग्रजीची स्वतःची क्रियाविशेषणेही परक्यांच्या तोंडी रुळून बदललेली आहेत. अमेरिकेत कंटाळलेला माणूस ‘इनफ ऑलरेडी’ म्हणतो. तो शेवटचा ‘ऑलरेडी’ पूर्व युरोपातून गेलेल्या ज्यू कुटुंबांच्या यिद्दिश भाषेतून आला. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून तो नाटक-सिनेमात गेला आणि कोशात जाऊन बसला. दक्षिण आफ्रिकेत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे ‘आत्ताच’ नव्हे, ‘थोड्या वेळाने, जमेल तसं’. ती आफ्रिकान्सची छाप. तिथले लोक त्यावर विनोद करतात, पण त्याची लाज बाळगत नाहीत. लाज बाळगायचा मक्ता आपण घेतला आहे.

ही लाज आली कुठून, हेही सांगायला हवे. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला. हिंदुस्थानातून साहेबाच्या तोंडी गेलेले शब्द त्यात मोठ्या कौतुकाने जमवले आहेत. साहेबाने आपले शब्द उचलले ते असे कोशात गेले. आपण साहेबाच्या शब्दाला आपले वळण दिले तेव्हा निराळी पुस्तके निघाली. १८९१ साली अर्नोल्ड राइट याने भारतीय वृत्तपत्रांतल्या इंग्रजीचे ‘मासले’ जमवून ‘बाबू इंग्लिश’वर पुस्तक केले. १८९७ साली एफ. ॲन्स्टीने बाबू जबर्जी बी.ए. नावाचे पात्र रंगवून लंडनच्या वाचकांची करमणूक केली. १९०७ साली मुंबई इलाख्यात नोकरी केलेला सनदी अधिकारी जी. सी. व्हिटवर्थ याने भारतीयांच्या इंग्रजीतल्या चुकांवर अख्खे पुस्तक लिहिले. आज मोबाईलवर ओन्लीची नक्कल करून हसवणारा आपला तरुण याच परंपरेचा वारस आहे. फरक एवढाच की ॲन्स्टी दुसऱ्यांना हसत होता.

आपल्यातल्या बड्यांनीही ही नक्कल केली, असे सांगून निस्सीम इझिकिएल यांचे नाव पुढे केले जाते. मुंबईच्या बेने इस्रायली कुटुंबात वाढलेल्या या कवीने भारतीय इंग्रजीतल्या कविता लिहिल्या आणि त्या वाचून लोक आजही हसतात, हे खरे. पण इंदिरा संतांची कविता वृंदा नाबर यांच्यासोबत इंग्रजीत नेणाऱ्या माणसाचा कान एवढा बोथट नव्हता, की त्याला नुसती खिल्लीच उडवायची होती असे मानावे. त्या कवितांत बोलणारी माणसे खरी आहेत. त्यांची भाषा त्यांच्या अंगाला बसलेली आहे. हसून झाल्यावरही ती माणसे लक्षात राहतात. मास्तरांच्या नकलेतून कोणी माणूस लक्षात राहत नाही.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो नकलाकारांनी मांडलेला नाही. १९९० साली ‘इंग्लिश टुडे’ या नियतकालिकात रँडॉल्फ क्वर्क या नामवंत इंग्रज व्याकरणकाराने विचारले होते, की प्रत्येक देशाच्या इंग्रजीला स्वतंत्र प्रमाण मानत गेलात तर शिकणाऱ्या मुलाच्या हाती काय लागेल? जगभर चालणारे नाणे की गावापुरते? पुढच्याच वर्षी ब्रज काचरू यांनी त्याला उत्तर दिले. काश्मीरमधून अमेरिकेत गेलेल्या या अभ्यासकाने भारतीय इंग्रजीचा विषय विद्यापीठांत रुजवला. भारतासारख्या बहुभाषी देशात इंग्रजी प्रत्यक्ष कोणत्या कामांसाठी आणि कोणाकोणात वापरली जाते हे क्वर्क लक्षातच घेत नाहीत, हा त्यांच्या उत्तराचा गाभा. मला काचरूंचे म्हणणे पटते, पण क्वर्कचा प्रश्न झटकून टाकता येत नाही. इथल्या माणसाला इथल्या माणसाशी बोलताना ओन्ली उत्तम चालतो. समोरचा माणूस शेफील्डचा किंवा शिकागोचा असला की काय होते?

एखादे उदाहरण जवळून पाहू. पुण्याच्या कार्यालयातून परदेशी ग्राहकाला ईमेल जाते: ‘वुइ विल सेंड द फाइल ऑन फ्रायडे ओन्ली.’ लिहिणाऱ्याच्या मनात आहे: काळजी करू नका, शुक्रवारीच पाठवतो. वाचणारा समजतो: शुक्रवारच्या आधी मिळणार नाही, मागूही नका. दिलासा द्यायला लिहिलेले वाक्य नकार होऊन पोचते. किंवा ‘द रिपोर्ट वॉज सेंट टु मी ओन्ली.’ इकडे अर्थ: माझ्याकडेच आला होता, मी पाहिला आहे. तिकडे अर्थ: दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. गोपनीय कागद असेल तर या फरकातून भलतीच चौकशी सुरू होईल. करारात, औषधाच्या चिठ्ठीवर, मुदतीच्या पत्रात हा धोका खरा आहे, आणि तिथे ओन्ली टाळावा असे मीही सांगेन. ‘बाय फ्रायडे, ॲज प्रॉमिस्ड’ लिहावे, काम भागते.

पण हे कारण नीट पाहा. ऐकणाऱ्याच्या भाषेत ‘च’ नाही, म्हणून त्याला वेगळ्या प्रकारे सांगायचे. यात बोलणाऱ्याची अक्कल, शाळा किंवा आईची भाषा कुठे आली? विदर्भातल्या पाहुण्याशी बोलताना पुणेकर आपले काही शब्द बदलतो, कोकणातला माणूस घाटावर आला की सांभाळून बोलतो. ते शहाणपण म्हणून गणले जाते. ओन्लीचेही तसेच. श्रोता पाहून बदला, एवढाच नियम. मास्तर श्रोत्याकडे पाहतच नाहीत. नाशिकची मुलगी नांदेडच्या मुलाशी इंग्रजीत बोलत असताना ते मध्ये येऊन लंडनच्या वतीने हरकत घेतात. तिथे लंडनचा कोणीही हजर नसतो. ही तर साप म्हणून भुई धोपटणे झाले.

इंग्रजीतल्या ‘च’चा एवढा धाक घालणाऱ्यांना मराठीतला ‘च’ मरताना मात्र दिसत नाही. माझा खरा राग इथे आहे. खरेदीच्या ॲपवर वाचा: ‘फक्त २ शिल्लक’. मराठी दुकानदार काय म्हणेल? ‘दोनच राहिलेत.’ भाषांतरित बातमीत वाचा: ‘तो फक्त काल परतला होता.’ मराठीत हे वाक्य अर्थच देत नाही; म्हणायचे असते ‘कालच परतला होता’. सरकारी अर्जावरच्या ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी’ला आता जुना परवाना मिळाला आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पाटीची भाषा तशी चालते. पण बोलण्यातल्या, बातमीतल्या, जाहिरातीतल्या प्रत्येक ओन्लीच्या जागी डोळे मिटून ‘फक्त’ बसवला जातो आणि ‘च’ गळून पडतो. मग ‘फक्त’ने भागत नाही म्हणून ‘फक्त आणि फक्त’ येतो, तोही हिंदीच्या ‘सिर्फ और सिर्फ’वरून. एका अक्षरात होणारे काम तीन शब्दांवर गेले आणि तरी जोर कमीच पडला.

म्हणजे दोन्ही बाजूंनी तोटा आपलाच. इंग्रजी बोलताना मुलांना सांगायचे की तुमचा ‘च’ गावठी आहे, इथे आणू नका. आणि मराठी लिहिताना त्याच मुलांच्या हातून इंग्रजीचा ओन्ली ‘फक्त’ होऊन घरात घुसला तरी ब्र काढायचा नाही. पहिल्या प्रकारात भाषा वाढते: आपल्या गरजेने आपण परक्या शब्दाला कामाला लावतो. दुसऱ्या प्रकारात ती झिजते: परक्या वाक्याच्या सोयीसाठी आपण आपले अव्यय टाकून देतो. शिकवणाऱ्याला या दोन गोष्टींतला फरक कळत नसेल तर त्याच्याकडून इंग्रजीही शिकू नये आणि मराठीही.

वर्गात करण्यासारखे काम बरेच आहे. मुलाने ‘आय मेट हर यस्टरडे ओन्ली’ म्हटले की हसू नये, विचारावे: तुला ‘कालच’ म्हणायचंय ना? मग दाखवावे की परदेशातल्या माणसासाठी ‘ओन्ली यस्टरडे’ किंवा ‘जस्ट यस्टरडे’ कसे म्हणतात. ‘पुण्यातच’ म्हणायला आवाज कुठे चढवतात. पत्रात वाक्य कसे फिरवतात. त्याचबरोबर हेही सांगावे की मित्राशी, सहकाऱ्याशी, बसच्या रांगेत तुझा ओन्ली बिनधोक वापर. तो सगळ्यांना कळतो. अशा मुलाला एकाऐवजी दोन इंग्रजी येतील आणि कुठे कोणते वापरायचे हेही कळेल. हे शिकवायला मास्तरांना दोन्ही भाषांचे व्याकरण माहीत हवे, ‘च’ काय काम करतो हे समजलेले हवे. नक्कल करायला एवढे काही लागत नाही. यादी तीच राहते, हशाही तोच राहतो आणि फी मात्र दरवर्षी वाढते, ती वाढतेच.